न झालेल्या खेळातली खलनायिका

२०२० च्या एप्रिलमध्ये जपानी दूरचित्रवाणीवर बारा भागांची एक विनोदी ॲनिमे मालिका सुरू झाली. तिचे मूळ नाव इतके लांब आहे की जपानी प्रेक्षकांनीच त्याचे 'हामेफुरा' असे चार अक्षरांत लघुरूप करून टाकले. पूर्ण नावाचा अर्थ साधारण असा: विनाशाखेरीज दुसरा झेंडाच नसलेल्या प्रेमखेळातली खलनायिका म्हणून माझा पुनर्जन्म झाला आहे. नावाच्या शेवटी टिंबे आहेत, म्हणजे सुस्कारासुद्धा नावातच आला.

कथा थोडक्यात सांगता येते. कॅटरिना क्लेस ही एका ड्यूकची आठ वर्षांची लाडावलेली मुलगी. बागेत पडून तिच्या डोक्याला मार लागतो आणि तिला मागचा जन्म आठवतो. त्या जन्मी ती जपानमधली सतरा वर्षांची शाळकरी मुलगी होती. रात्रभर 'फॉर्च्युन लव्हर' नावाचा खेळ खेळत बसली, सकाळी उशिरा उठून धावत सुटली आणि रस्त्यावरच्या अपघातात मेली. आता तिच्या ध्यानात येते की आपण त्याच खेळात जन्मलो आहोत, आणि तेही नायिका म्हणून नव्हे. आपण नायिकेला छळणारी मुलगी आहोत. खेळाच्या कोणत्याही वाटेने गेले तरी या मुलीचा शेवट ठरलेला आहे: देशोधडी किंवा मृत्यू.

'झेंडा' हा शब्द इथे संगणकाच्या प्रोग्रॅममधून आला आहे. खेळणाऱ्याने अमुक संवाद निवडला की आत कुठेतरी एक खूण उभी राहते, आणि पुढे कथा कोणत्या फाट्याला वळायची ते तीवरून ठरते. कॅटरिना आपल्या नशिबाकडे याच नजरेने पाहते. नशीब म्हणजे अटींची यादी. मग ती तलवार शिकते, कारण राजपुत्र अंगावर आला तर? त्या राजपुत्राला सापांचे वावडे असल्याचे कळल्यावर खेळण्यातले साप बनवते. तिची जादू मातीची, आणि तीही मातीचा एक बेताचा उंचवटा उठवण्यापुरतीच. तेव्हा मातीशी ओळख वाढवायची म्हणून ड्यूकच्या बागेत कुदळ घेऊन वाफे काढते आणि भाजी लावते. हद्दपार झालोच तर शेती करून पोट भरता येईल, हाही हिशेब त्यात आहे.

हे सगळे पाहताना कोणालाही सहज वाटेल की मुलींसाठीच्या जपानी प्रेमखेळांत अशी खलनायिका नेहमीचीच असणार, आणि या कथेने त्या नेहमीच्या साच्याची टिंगल केली असणार. या मालिकेच्या आगेमागे अशा शेकडो कथा जपानी संकेतस्थळांवर आल्या. त्या सर्वांत हा साचा गृहीत धरलेला असतो. एक सरदारकन्या, तिचे युवराजाशी ठरलेले लग्न, साध्या घरातून आलेली निरागस नायिका, आणि शेवटी भर मेजवानीत युवराजाने सरदारकन्येच्या अपराधांचा पाढा वाचून लग्न मोडणे. या शेवटच्या प्रसंगाला जपानीत 'दान्झाइ' म्हणतात. आरोप आणि निवाडा एकाच दमात. वाचकाने हे पूर्वी अनेकदा पाहिले आहे, अशा थाटात लेखक ते सांगतो.

अडचण अशी की मूळ खेळ पाहू गेले तर ही बाई तिथे जवळजवळ नाहीच. जपानी वाचकांनीही हे वारंवार बोलून दाखवले आहे. टीकेची कथा आहे, पण जिच्यावर टीका करायची ती मूळ वस्तूच सापडत नाही. साहित्याच्या इतिहासात हरवलेले मूळ ग्रंथ पुष्कळ आहेत. इथे मूळ हरवलेले नाही, ते झालेच नव्हते. मग ही खलनायिका आली कोठून?

शोध १९९४ पासून सुरू करावा लागतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कोएई या कंपनीने सुपर फॅमिकॉम यंत्रासाठी 'अँजेलिक' हा खेळ काढला. ओतोमे म्हणजे कुमारिका. ओतोमे गेम या प्रकाराची सुरुवात इथूनच मानतात. कोएई तोवर ओळखली जात होती ती इतिहासातल्या लढायांच्या खेळांसाठी. कंपनीच्या संस्थापकांपैकी एरिकावा केइको यांच्या पुढाकाराने 'रुबी पार्टी' हा स्त्रियांचा गट उभा राहिला आणि त्याने हा खेळ घडवला. त्यात विश्वाची पुढची राणी कोण हे ठरवण्यासाठी दोन मुलींची परीक्षा चालते. एक सामान्य घरातली अँजेलिक लिमोज. दुसरी रोझालिया, उच्चकुलीन, लहानपणापासून राणीपदासाठीच वाढवलेली, निळ्या कुरळ्या केसांची आणि बोलायला तिखट.

ही रोझालिया म्हणजे आपली खलनायिका असे प्रथमदर्शनी वाटते. कुळ, केस, तोरा, सगळे जागच्या जागी आहे. पण तिचे पुढे काय होते ते पाहावे. खेळणारीने परीक्षा सोडून एखाद्या रक्षकाचे प्रेम स्वीकारले तर राणी होते रोझालिया. आणि अँजेलिक राणी झाली, तर पुढच्या खेळात रोझालिया तिची निकटची साहाय्यक म्हणून दिसते. तिला कोणी भर सभेत उभे करत नाही, देशाबाहेर काढत नाही. २००२ च्या 'तोकिमेकी मेमोरियल गर्ल्स साइड' मध्ये तर प्रेमातली प्रतिस्पर्धी म्हणून समोर येते ती नायिकेची मैत्रीणच. तिथे दुखते ते मैत्री तुटल्याचे; शिक्षेचा प्रश्नच येत नाही. खेळ रचणाऱ्यांच्या बाजूने हे समजण्याजोगे आहे. खेळणारीला तासन्‌तास रमवायचे असेल तर सतत टोचणारे पात्र कशाला ठेवायचे?

तेव्हा खेळ सोडून मंगाकडे वळावे लागते. खलनायिकेच्या चित्रातली सर्वांत ठळक खूण म्हणजे तिचे केस: कानांशेजारून उभ्या उतरणाऱ्या, स्क्रूसारख्या पिळाच्या बटा. जपानी वाचकाला या बटा दिसल्या की पहिली आठवण येते ती यामामोतो सुमिका यांच्या 'एस ओ नेराए' या टेनिसवरच्या मंगातल्या र्युझाकी रेइकाची. ही मंगा १९७३ साली 'मार्गारेट' साप्ताहिकात सुरू झाली. रेइकाचे टोपणनाव 'ओचो फुजिन', म्हणजे फुलपाखरू-बाईसाहेब. टेनिस खेळताना असे केस कसे टिकत असतील हा प्रश्न विचारायचा नसतो. पण रेइका दुष्ट आहे का? जिला तिने धाकट्या बहिणीसारखे जवळ केले ती मुलगी प्रतिस्पर्धी होऊन उभी राहिली, म्हणून ती दुखावते, कठोर होते, आणि पुढे तिचा मान राखते. १९७६ पासून चाललेल्या मिउची सुझुए यांच्या 'ग्लास मास्क' मधली हिमेकावा आयुमी हीसुद्धा श्रीमंत, देखणी आणि नायिकेची प्रतिस्पर्धी. पण तिच्याइतकी सचोटीने वागणारी दुसरी मुलगी त्या कथेत शोधून काढावी लागेल.

'रेइजो' या शब्दाचाही इथेच विचार केला पाहिजे. मोठ्या घरची कन्या, असा त्याचा अर्थ. १८८४ मध्ये मेइजी सरकारने युरोपच्या धर्तीवर पाच पायऱ्यांची सरदारव्यवस्था कायद्याने उभी केली आणि १९४७ च्या संविधानाने ती मोडीत काढली. त्यानंतर जन्मलेल्या जपानी मुलींनी खरी ड्यूककन्या कधी पाहिलीच नाही. पदवी उरली ती पोशाख म्हणून. त्या पोशाखात फ्रान्स भरला तो इकेदा रियोको यांच्या 'व्हर्सायचा गुलाब' या मंगाने (१९७२-७३). गिलोटिनखाली जाणारी उच्चकुलीन स्त्री जपानी मुलींच्या मनात रुजली ती याच मंगामुळे, असे मला वाटते. मात्र तिथली मारी आंत्वानेत वाचकांनी रडत रडत निरोप दिलेली बाई आहे; तिच्या मरणाने कोणाचे समाधान होत नाही.

केस सापडले, पदवी सापडली. राहिला छळ, आणि राहिली शिक्षा.

छळ करणाऱ्या मुली मंगात आणि ॲनिमेत निश्चित होत्या. मिझुकी क्योको यांनी लिहिलेल्या आणि इगाराशी युमिको यांनी चितारलेल्या 'कँडी कँडी' (१९७५-७९) मध्ये एलायझा आहे, तिच्याही केसांना तेच पीळ. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या कादंबरीवरून १९८५ मध्ये आलेल्या 'राजकन्या सारा' या मालिकेत लॅव्हिनिया आहे. आता यांतली शिक्षा कोणाला होते ते बघू. एलायझाच्या कारस्थानामुळे चोरीचा खोटा आळ येतो तो अनाथ कँडीवर, आणि दूर मेक्सिकोला धाडायचे ठरते तेही कँडीला. बापाच्या मरणाने कंगाल झाल्यावर पोटमाळ्यावर फेकली जाते ती सारा. लॅव्हिनियाचे मालिकेच्या शेवटी काय होते? सारा तिच्याशी हात मिळवते, आणि ज्या शाळेने तिला मोलकरीण केले तिला भरघोस देणगीही देते.

म्हणजे आळ, भर सभेतली मानखंडना, हद्दपारी, मातीत राबणे, ही सगळी शिक्षा मुलींच्या कथांत होतीच. फक्त ती नायिकेची होती. आपल्या व्रतकथांतली नावडती राणी आठवली की हे पटायला वेळ लागू नये. खलनायिकेच्या नव्या कथांनी नायिकेचे जुने हाल उचलून तिच्या छळकर्तीच्या कपाळी लिहिले, आणि मग हाल जिचे ती नायिका, या जुन्या नियमाने खलनायिकाच नायिका होऊन बसली. कॅटरिना हद्दपारीच्या भीतीने भाजी पिकवते तेव्हा ती नकळत कँडीच्या आणि साराच्या वाटेची तयारी करत असते.

तरी भर सभेतल्या निवाड्याचा एक धागा उरतोच. त्याचे मूळ मला बरेच मागे, दहाव्या शतकाच्या अखेरीस दिसते. 'ओचिकुबो मोनोगातारी' ही सावत्र आईच्या छळाची जपानी कथा त्या काळातली. जमिनीच्या पातळीखाली खचलेल्या खोलीत कोंडून ठेवलेली, रात्रंदिवस शिवण शिवणारी मुलगी ही तिची नायिका. एक तरुण अधिकारी तिला सोडवून नेतो. पाश्चात्त्य परीकथा इथे संपली असती. ओचिकुबोचा मात्र निम्मा ऐवज पुढेच आहे. हा नवरा सावत्र सासूचा शिस्तीत सूड घेतो. तिच्या धाकट्या मुलीशी स्वतः लग्न करतो असे सांगून ऐनवेळी घोड्यासारख्या तोंडाच्या एका हास्यास्पद सरदाराला पुढे करतो. देवदर्शनाच्या वाटेवर तिच्या गाड्या अडवून चारचौघांत फजिती करतो. नव्याने सजवलेला वाडा कागदपत्रांच्या जोरावर काढून घेतो. मग समेट. यातली सर्वांत मोठी किंमत मोजली ती त्या धाकट्या मुलीने, आणि तिचा अपराध एवढाच की ती त्या बाईच्या पोटी जन्मली होती. आजच्या कथांतला युवराज मेजवानीत उभा राहून जे करतो त्याचा पूर्वज हा नवरा आहे, असे मी मानतो.

या जातीच्या कथांविषयीची अस्वस्थताही तितकीच जुनी आहे. मुरासाकी शिकिबू यांच्या 'गेंजी'त एका प्रकरणात गेंजी आपल्या छोट्या मुलीसाठी कथा निवडतो आणि सावत्र आयांच्या कथा मुद्दाम बाजूला ठेवतो. मुलगी वाढते आहे ती सावत्र आईच्याच मांडीवर. दुष्ट बाईची गोष्ट ऐकून मुलगी समोरच्या चांगल्या बाईकडे कोणत्या नजरेने पाहील, ही त्याची चिंता. हजार वर्षांपूर्वीच्या लेखिकेला कळले होते की खलनायिकेचा साचा पुस्तकात राहत नाही. तो घरातल्या माणसांवर बसवला जातो.

हे सर्व साहित्य एकत्र आले ते 'शोसेत्सुका नी नारो' या संकेतस्थळावर. नावाचा अर्थ 'चला, कादंबरीकार होऊ'. २००४ मध्ये ते सुरू झाले. कोणीही लिहावे, कोणीही फुकट वाचावे, गुण द्यावेत, आणि गुणांवरून यादी लागावी, अशी ही व्यवस्था. या पद्धतीत वाचकाला ओळखीची सुरुवात द्यावी लागते; पहिल्या दोन प्रकरणांत पकड बसली नाही तर तो दुसऱ्या दारात जातो. म्हणून लेखक एकमेकांच्या मांडणीवर मांडणी रचत गेले. एकीने गृहीत धरलेला खेळ दुसरीने गृहीत धरला, आणि काही वर्षांत हा खेळ खरोखर कधीतरी होता असे सर्वांना आठवू लागले. परंपरा कशा जन्मतात याचे इतके जवळून पाहता येणारे उदाहरण इतिहासकाराला क्वचित मिळते. इथे तर प्रत्येक प्रकरणावर तारीख आणि वेळ छापलेली आहे.

या कथांची सुरुवातीची एक गाजलेली कादंबरी याच जागी २०१३ मध्ये सुरू झाली. लेखनासाठी घेतलेले नाव 'हियोको नो केकी', आणि कादंबरीच्या नावाचा अर्थ साधारण 'नम्रता आणि भरवशाचे वागणे हेच माझे ब्रीद'. तिची नायिका ज्यात पुनर्जन्म घेते तो खेळ नाहीच. ती जन्मते एका शोजो मंगात. तिचे नाव रेइका, केस पिळाच्या बटांचे. टेनिसवाल्या रेइकाशी तिचे नाते लेखकाने जोडले की योगायोगाने जुळले हे सोडून देऊ. पण प्रवाह मंगातून निघाला आणि खेळाचा मुखवटा नंतर चढला, या माझ्या म्हणण्याला ही कादंबरी बळ देते. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, यामागुची सातोरु यांची 'हामेफुरा' त्याच स्थळावर आली. २०१५ पासून इचिजिन्शा प्रकाशनाने ती हिदाका नामी यांच्या चित्रांसह पुस्तकरूपात काढली, मग मंगा, मग सिल्व्हर लिंकची मालिका, २०२१ मध्ये दुसरे पर्व आणि २०२३ च्या डिसेंबरात चित्रपट. खेळाचा मुखवटा का चढला, याचे उत्तर सोपे असावे. मंगाला एकच शेवट असतो. खेळाला अनेक असतात. सुटकेची आशा ठेवायची तर खेळच हवा.

'हामेफुरा' इतरांपेक्षा सरस वाटते ती तिच्या विनोदामुळे, आणि त्या विनोदाखाली एक गंभीर निरीक्षण आहे. खेळातली कॅटरिना दुष्ट का झाली? तिच्या कपाळावरच्या खुणेची जबाबदारी म्हणून राजपुत्राने सोयीपुरते लग्न ठरवले. आईची समजूत अशी की नवऱ्याचे आपल्यावर प्रेम नाही, आणि दत्तक आणलेला मुलगा त्याचाच अनौरस. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. नवी कॅटरिना यातले काही जाणून सुधारत नाही. तिला फक्त जगायचे आहे, म्हणून ती भावाला एकटे सोडत नाही, झाडावर चढते, भाजी लावते. आणि घर आपोआप माणसात येते. आठ वर्षांच्या मुलीची खलनायिका व्हायला एक आख्खे घर लागते, आणि न व्हायला फारच थोडे पुरते, असे ही मालिका हसत हसत मांडते. पुढे खोट्या पुराव्यांसह तिच्यावर भर सभेत आरोप होतात तेव्हा तिची बाजू घ्यायला सर्वांत पुढे येते ती खेळातली नायिका, मारिया. रोझालिया आणि अँजेलिक यांच्यात १९९४ मध्येच जे नाते होते तिथे ही कथा मोठा वळसा घालून परत येते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मूळची आठ वर्षांची कॅटरिना गेली कोठे? आठवण आली आणि ती लाडावलेली पोर पुसली गेली. तिच्यासाठी कोणी अश्रू ढाळत नाही. विनोदी कथेला हे ओझे पेलणार नाही, हे मान्य. पण न्याय मिळाला तो बदललेल्या मुलीला. मूळ मुलीचा खटला उभाच राहिला नाही.

पुनर्जन्माचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण इथे जपानी परंपरा अनपेक्षित रीतीने जवळ येते. अकराव्या शतकातील 'साराशिना निक्की' ही रोजनिशी एका मध्यम अधिकाऱ्याच्या मुलीची. दूरच्या प्रांतात वाढलेल्या या मुलीने कथा वाचायला मिळाव्यात म्हणून बुद्धमूर्तीपुढे लोटांगणे घातली. राजधानीत आल्यावर एका नातलग बाईने 'गेंजी'ची पन्नासाहून अधिक प्रकरणे हाती ठेवली तेव्हा ती रात्रंदिवस पडद्याआड वाचत पडली, आणि मोठेपणी आपण त्यातल्या युगाओ किंवा उकिफुने होऊ असे मानू लागली. दोघीही दुर्दैवी स्त्रिया; तिने निवडल्या त्या याच. पुढे कियोमिझूच्या मंदिरात तिला स्वप्न पडले की मागच्या जन्मी ती तिथलीच मूर्तिकार भिक्षू होती. 'हामामात्सु चूनागोन मोनोगातारी' ही पुनर्जन्मावर उभारलेली कथा तिच्याच नावावर सांगतात. मिशिमा युकिओ यांनी आपल्या शेवटच्या चार कादंबऱ्यांची बैठक तिच्यावरूनच घेतली. म्हातारपणी मात्र या बाईला पश्चात्ताप झाला: कथांऐवजी देवधर्म केला असता तर बरे झाले असते. कॅटरिनाचे नेमके उलट आहे. मागच्या जन्मीचे पुण्य तिच्या कामी येत नाही. कामी येते ते तेव्हाचे खेळणे. आपण मराठीत ज्या प्रकाराला कादंबरी म्हणतो त्याचे नाव ज्या बाणभट्टाच्या कथेवरून आले, तिथेही राजाला मागचा जन्म उमगतो तो पोपटाच्या तोंडून गोष्ट ऐकल्यावर.

आता हा साचा इतका रुळला आहे की त्याची उलटापालट करणाऱ्या कथा येऊ लागल्या आहेत. कोरियात वेबटूनमधून त्याची स्वतंत्र शाखा वाढली. जपानमध्ये उएयामा मिचिरो यांच्या मंगावरून २०२५ च्या जानेवारीत एक मालिका आली. तीत खलनायिका म्हणून जन्मतात बावन्न वर्षांचे एक सरकारी अधिकारी, तोंदाबायाशी केन्झाबुरो. नायिकेचा छळ करायचा म्हणून ते तोंड उघडतात आणि बाहेर पडते ते बापाच्या वयाच्या माणसाचे कौतुक: एवढ्या लांबून एकटी शिकायला आलीस, घरच्यांना किती अभिमान वाटत असेल. नम्रतेचे ब्रीद मिरवणारी ती २०१३ ची रेइका मात्र आजवर पुस्तकात आली नाही. २०१७ नंतर तिची प्रकरणे थांबली. संकेतस्थळावर ती शेवटच्या प्रकरणाशी तशीच उभी आहे, आणि तिच्यावर अजून कोणी आरोप वाचलेला नाही.